कॉलेजच्या टीमसाठी मॅस्कॉट निवडताय? आधी वाघ बाजूला ठेवा

आधीच सांगून टाकतो, वाघ नको. मीटिंग सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी वाघ म्हणणार, दुसरा सिंह म्हणणार, तिसरा म्हणणार "मावळा ठेवूया ना सर", आणि सगळ्यांना वाटणार झालं काम, चहा सांगा. आमच्याकडे डिट्टो हेच झालं होतं. मी जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजात जिमखान्याचा सेक्रेटरी होतो, पास झाल्यावरही दोन-तीन वर्षं स्पोर्ट्सच्या पोरांमध्ये लुडबूड करत राहिलो आणि तेव्हाच हे मॅस्कॉट प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. सांगायला कुणी नव्हतं, धडपडत शिकलो. तुम्ही पहिल्यांदाच हे करत असाल तर निदान आमच्या चुका तरी परत करू नका, नवीन करा.

पहिलं काम: कशासाठी हवंय ते ठरवा

पेपरवाले मॅस्कॉटला शुभंकर म्हणतात. बोधचिन्ह वेगळं. बोधचिन्ह म्हणजे लेटरहेडवर, गेटवर, सर्टिफिकेटवर असतं ते, त्यात दिवा असतो, पुस्तक असतं, खाली संस्कृतमध्ये काहीतरी लिहिलेलं असतं. ते तसंच राहू द्या, त्याला हात लावायला गेलात तर संस्थेशी भांडण नक्की. शुभंकर मैदानावरचा असतो. त्याला हात असतात, पाय असतात, तो नाचतो, पडतो, लहान पोरं त्याची शेपटी ओढतात. १९८२ च्या दिल्ली एशियाडचा अप्पू हत्ती ज्यांनी बघितला ते आता आजोबा झाले तरी त्यांना अप्पू आठवतो, त्या एशियाडचं बोधचिन्ह काय होतं विचारा, गप्प बसतील.

आणि वाघाला माझा विरोध का तेही सांगतो. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थचा शेरा वाघच होता, त्याच्या आधी २००८ ला आपल्या पुण्यात बालेवाडीला युथ कॉमनवेल्थ झालं त्याचा जिगरही वाघच. ते ठीक आहे, देशाचा राष्ट्रीय प्राणी आहे, देशाच्या स्पर्धेला शोभतो. पण तुमचं कॉलेज तालुक्याच्या ठिकाणी, झोनल कबड्डीला समोर अजून सहा कॉलेजं येणार आणि त्यातल्या चारांच्या टी-शर्टवर नेटवरून उचललेलं तेच डरकाळी फोडणारं तोंड, मग तुमचा वाघ कुठला आणि त्यांचा कुठला? चंद्रपूरच्या पोरांनी वाघ घेतला तर मी मान्य करीन, ताडोबा त्यांच्या दारात आहे. बाकीच्यांनी जरा विचार करावा. आपल्या शेजारच्यांचंच बघा, २०२३ ला गोव्यात नॅशनल गेम्स झाल्या तेव्हा त्यांनी मोगा नावाचा गवा घेतला, गवा त्यांचा राज्यप्राणी. केरळने २०१५ ला अम्मू नावाचा धनेश पक्षी घेतला. ओडिशाने २०१८ च्या हॉकी वर्ल्डकपला ऑली नावाचं कासव घेतलं कारण त्यांच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी अंडी घालायला येतात. कासव! हॉकीला! आणि चाललं की मस्त.

दुसरं काम: बाईक काढा आणि तीस किलोमीटरचं वर्तुळ मारा

हा आमचा नियम होता आणि अजूनही मला तो बरोबर वाटतो. कॉलेजच्या ग्राऊंडपासून साधारण तीस किलोमीटरच्या आत जे आहे तेवढंच यादीत घ्यायचं. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचा वारसा तुमच्या एकट्याच्या खांद्यावर येत नाही आणि समोरच्या कॉलेजला तीच गोष्ट आपली म्हणून सांगता येत नाही.

कुठे शोधायचं? एक तर जिल्हा गॅझेटियर. पुणे जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं १८८५ चं आहे, तुमच्या जिल्ह्याचंही निघेल, बहुतेक सगळी नेटवर फुकट मिळतात. भाषा जुनी आहे पण कुठल्या गावात काय पिकायचं, कुठली जत्रा भरायची, कुठल्या घाटातून माल जायचा ते गावाच्या नावानिशी सापडतं. दुसरं म्हणजे कॉलेजातलेच इतिहासाचे, मराठीचे, बॉटनीचे सर-मॅडम, ज्यांना स्पोर्ट्सवाले एरवी कधी काही विचारत नाहीत, त्यांना विचारलं की इतका आनंद होतो की तासभर सोडत नाहीत. तिसरं, वनखात्याचं ऑफिस. आणि चौथं एनएसएसच्या कॅम्पला जाऊन आलेली पोरं, त्यांना आसपासची गावं पाठ असतात.

आमच्या वर्तुळात काय काय निघालं ऐका. शिवनेरी तर आहेच, त्याच्याबद्दल खाली बोलतो. लेण्याद्री, आणि जुन्नरभोवतीच्या डोंगरांत बाकी लेणीच लेणी. खोडदची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. नारायणगावचा टोमॅटो आणि नारायणगावचाच तमाशा. बैलगाडा शर्यती, त्यांचा घाट म्हणजे बैल पळतात ती चढाची धावपट्टी, आणि "भिर्रर्र" ही तिथली आरोळी. पलीकडे भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू, तो खरं तर तीसच्या थोडा बाहेर पडतो पण आम्ही ढील दिली. बिबट्या. आणि नाणेघाटातला दगडी रांजण.

ही यादी करताना जीव टाकला म्हणून पुढचं सोपं गेलं. तुमच्याकडे वेगळं निघेल. दापोली-मंडणगडकडे असाल तर वेळासचं कासव आहे, रत्नागिरीकडे शिमग्यातला संकासुर आहे, काळा अंगरखा, उंच टोपी आणि पांढरी दाढी, चालता-बोलता मॅस्कॉटच तो, फक्त गावकऱ्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका कारण ते नुसतं सोंग नाही, देवाच्या पालखीबरोबरचं आहे. राधानगरीकडच्यांना गवा आहे. कर्जतकडे, म्हणजे नगरच्या कर्जतला, रेहेकुरीचं काळवीट. गोंदियाला सारस. लातूरकडे देवणी बैल, नांदेडकडे लाल कंधारी. नागपूरला तान्हा पोळ्याचा चाकावरचा लाकडी नंदी, मला तर तो सगळ्यात भारी वाटतो, पोरं दोरी धरून ओढत नेतात तसाच ग्राऊंडवर आणायचा. जळगावला केळं, हसू नका, त्याचं पुढे सांगतो. बुलढाण्याच्या कुठल्यातरी कॉलेजने लोणारची उल्का घ्यावी अशी माझी फार इच्छा आहे, आकाशातून येऊन खड्डा पाडला ह्याच्यापेक्षा कबड्डीत चढाई करणाऱ्या रेडरची जास्त चांगली जाहिरात काय असणार.

ज्यांना काहीच सुचत नाही ते राज्याची चिन्हं बघतात, शेकरू राज्यप्राणी, हरियाल राज्यपक्षी, नीलवंत फुलपाखरू २०१५ पासून, पापलेट २०२३ पासून राज्यमासा. बरी आहेत, पण ती सगळ्यांचीच आहेत. सातपाटीच्या जवळचं कॉलेज असेल तर पापलेट घ्या, औंढा नागनाथच्या कॉलेजला पापलेटचं काय.

तिसरं काम: थट्टेची परीक्षा

हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी लेख नाही वाचला तरी चालेल.

शुभंकराची थट्टा होणारच. समोरची पोरं त्याच्यावर गाणी करणार, तो चिखलात पडणार, टीम ३० पॉइंटने हरली की दुसऱ्या दिवशी त्याचे मीम फिरणार. मग यादीतल्या प्रत्येक नावापुढे प्रश्न विचारायचा: ह्याची थट्टा चालेल का? ज्याची चालते तो मैदानावर. ज्याची चालत नाही त्याला मैदानावर आणायचंच नाही, त्याची जागा वेगळी आहे.

म्हणून शिवनेरी आणि महाराज ह्या यादीत नकोत. आमच्याकडे दोन-तीन पोरं फार आग्रही होती, आमच्याच तालुक्यात महाराजांचा जन्म, आपण नाही घ्यायचं तर कुणी घ्यायचं. मी म्हटलं बाबा, उद्या फोमचा मुकुट घालून कुणी ग्राऊंडवर नाचलं आणि समोरच्यांनी हुर्यो केली तर तुलाच पहिला राग येणार ना? गप्प बसला. शिवाय कायद्याचंही आहे, १९५० चा बोधचिन्हे आणि नावांचा गैरवापर रोखणारा केंद्राचा कायदा, त्याच्या यादीत महाराजांचं नाव आणि चित्र आहे, परवानगीशिवाय धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही, आणि तुम्ही टी-शर्ट विकणार, स्पॉन्सर घेणार म्हणजे तिथेच अडकला. देवांचंही तेच. मारुती तालमीतला देव आहे, प्रत्येक आखाड्यात आहे, तो तिथेच कोनाड्यात शेंदूर लावलेला बरा.

बिबट्याचं मात्र मला स्वतःला कळलं नव्हतं. मी बिबट्याच्या बाजूने होतो. आमच्या भागात ऊस आहे, उसात बिबट्या आहे, माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे, बाहेरचे लोक जुन्नर म्हटलं की बिबट्या म्हणतात, डिझाइन पण झकास होणार होतं. मीटिंगमध्ये आमची खो-खोची कॅप्टन होती, ती एवढंच म्हणाली, "आमच्या वस्तीवर मागच्या वर्षी लहान पोर नेलंय त्याने, ती बाई कॉलेजच्या कॅन्टीनला भाकरी देते." संपलं. बिबट्या कटाप. गावातली माणसं कशावर हसू शकत नाहीत हे गॅझेटियरमध्ये लिहिलेलं नसतं, म्हणून मीटिंगला वस्तीवरची, वाडीतली पोरं-पोरी बसवा, नुसती स्टँडजवळ राहणारी नकोत.

चौथं: माणसाला मॅस्कॉट करू नका, किंवा करायचंच तर विचारून

वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला, धनगर, कोळी, वारली, भिल्ल, रामोशी, ही नावं यादीत येतातच कारण दिसायला रंगीत आहेत आणि "आपली संस्कृती" आहे. पण ती माणसं आहेत. त्यातल्या काही जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातून गेला, लोकांच्या बोलण्यातून अजून पुरता गेलेला नाही, आणि तुमच्याच वर्गात त्यातलं कुणीतरी बसलेलं असतं. त्याच्या आजोबांचं पोटापाण्याचं सोंग तुम्ही फोममध्ये शिवून नाचवणार?

अमेरिकेतल्या कॉलेजांनी हे भोगलंय. तिकडे कॉलेजचं मॅस्कॉट म्हणजे आपल्याकडे गावच्या जत्रेएवढी मोठी भानगड, आणि बऱ्याच कॉलेजांची मॅस्कॉट तिथल्या मूळ आदिवासींवरून होती. स्टॅनफर्डने १९७२ ला आपलं "इंडियन" सोडून दिलं. इलिनॉय विद्यापीठाचा तो पिसांचा टोप घालून नाचणारा चीफ २००७ ला बंद झाला. त्याआधी २००५ ला तिकडच्या कॉलेज स्पोर्ट्सच्या मुख्य संघटनेने असली मॅस्कॉट असलेल्या कॉलेजांना आपल्या अंतिम स्पर्धांमध्ये ती वापरायला बंदी केली. फ्लोरिडा स्टेटचं सेमिनोल मात्र राहिलं, कारण तिथल्या सेमिनोल जमातीनेच संमती दिली. म्हणजे परवानगी मागितली तर मिळूही शकते, पण मागायची त्यांच्या पंचायतीकडे, वर्गातल्या त्या एका पोराला कोपऱ्यात घेऊन "तुला चालेल ना रे" असं नाही, तो बिचारा हो म्हणणारच.

तिकडचीच चांगली उदाहरणं पण आहेत आणि ती मला जास्त आवडतात. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोरांना बनाना स्लग हवा होता, म्हणजे तिथल्या जंगलात सापडणारी पिवळी शंखाशिवायची गोगलगाय, वरच्यांना सी लायन हवा होता, शेवटी पोरांनी मतदान करून १९८६ ला गोगलगाय मिळवलीच. ॲरिझोनात स्कॉट्सडेलच्या कॉलेजचं मॅस्कॉट आर्टिचोक आहे, एक भाजी. मिसिसिपीत डेल्टा स्टेटची पोरं स्वतःला "फायटिंग ओकरा" म्हणवतात, म्हणजे लढाऊ भेंडी, अधिकृत नाव वेगळं आहे पण टी-शर्ट भेंडीचे खपतात. आता सांगा, जळगावच्या केळ्याला हसायचं काही कारण आहे?

पाचवं: नाव ओरडून बघा

कागदावर छान दिसणारं नाव मैदानात मरतं. ग्राऊंडवर जा, वीस पोरं एका बाजूला उभी करा आणि प्रत्येक नाव दहा वेळा ओरडायला लावा. "शेकरू, शेकरू" बरं बसलं, उडी मारणारा प्राणी, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस फूट झेप घेतो म्हणतात, खो-खोवाल्यांना तोच हवा होता. "भिर्रर्र" तर सगळ्यात जोरात, पण बैलगाड्याचं त्या काळात कोर्टात चाललेलं, २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने शर्यती बंद पडल्या होत्या त्या डिसेंबर २०२१ ला परत सुरू झाल्या, सरांनी सांगितलं वादाचं नको. दुर्बीण ओरडताना जीभ अडखळली.

आणि मग रांजण. नाणेघाट माहीत नसेल त्यांच्यासाठी, हा कोकणातून वर जुन्नरला यायचा सातवाहनांच्या काळातला रस्ता, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरातला माल इथून चढायचा, घाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मीतला लेख आहे, दोन हजार वर्षांच्या आसपासचा, आणि घाटमाथ्यावर एक भला मोठा दगडात कोरलेला रांजण आहे, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात. यादीत तो आम्ही उगाच टाकला होता, आकडा भरायला. ओरडायच्या वेळी कबड्डीचा एक पोरगा मागून ओरडला, "टोल भर!" आणि सगळं ग्राऊंड हसायला लागलं. समोरचा रेडर आपल्या कोर्टात आला की टोल भरल्याशिवाय परत जायचं नाही. झालं, अर्ध्या तासात शेकरूवाले पण फुटले.

अजून दोन चाचण्या करा. पहिली, मुलींच्या टीमला ते नाव लावून बघा. "मावळे" असेल तर मुलींच्या टीमला काय म्हणणार, आणि बऱ्याच कॉलेजांत बक्षिसं तर मुलीच आणतात. रांजणाला हा प्रश्नच नाही. दुसरी, फर्स्ट इयरच्या ज्याला चित्रकला अजिबात येत नाही त्याला तीस सेकंदांत काढायला सांगा. बाकावर करकटकने कोरता आलं पाहिजे. पोरं कोरणारच आहेत, निदान ओळखू तरी येऊ दे.

मतदान घ्या, पण उघडं नको

गुगल फॉर्मची लिंक आम्ही ग्रुपवर टाकली, "तुम्हाला कुठलं मॅस्कॉट हवं" असा मोकळा प्रश्न. सकाळी बघतो तर कॉलेजच्या एकूण पोरांपेक्षा जास्त उत्तरं आणि सगळ्यात वर मिसळ. लिंक शेजारच्या कॉलेजच्या ग्रुपवर गेलेली. तेव्हा आधी कमिटीने तीन-चार नावं नक्की करायची, वरच्या सगळ्या चाळण्या लावून, मग मत. कॉलेजच्या ईमेलनेच लॉगिन, एकाला एकच मत, आणि ते नसेल तर सरळ कागदी चिठ्ठ्या आणि ओळखपत्र बघून पेटीत. प्रत्येक नावाबरोबर चार ओळी आणि एक चित्र द्या, नुसतं "रांजण" वाचून कोण मत देणार.

संस्थेकडे जाताना

फिजिकल डायरेक्टर सर, मग प्राचार्य, मग महाविद्यालय विकास समिती, ह्या क्रमाने जा. एकच नाव घेऊन जायचं, तीन नेली की चौथं तिकडून सुचवलं जातं. चित्र मोठं प्रिंट करून न्या. आमच्याकडे एका ज्येष्ठ संचालकांनी विचारलं, "कॉलेजचं चिन्ह मडकं?" तेव्हा इतिहासाच्या मॅडमनी नागनिकेपासून सुरुवात केली ती पंधरा मिनिटं, शेवटी तेच म्हणाले अहो घ्या रांजण. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेत किंवा पुढे अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या आपसातल्या स्पर्धेला, पोरगा सिलेक्ट झाला तर तिथे तुमचा रांजण चालणार नाही, तिथे युनिव्हर्सिटीचा किट, हेही आधीच पोरांना सांगा नाहीतर रुसतात.

चित्र आणि कागद

नेटवरून वेक्टर उचलायचं नाही. एआयने काढलेलं पण नको, आमच्या नंतरच्या बॅचने ते करून बघितलं, त्यात रांजणाला तीन हात आले आणि ब्राह्मी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी. गावात जीडी आर्ट, म्हणजे चित्रकलेचा डिप्लोमा केलेला कुणीतरी असतोच, गणपतीच्या मंडळाची सजावट करणारा असतो, त्याला पैसे देऊन काढून घ्या. नाणेघाटावर त्याला घेऊन जा, आम्ही गेलो होतो, त्याने रांजणाच्या काठाचा आकार आणि दगडाचा तो काळपट करडा रंग तिथे उन्हात बसून जुळवला, फोटोत तो वेगळाच दिसतो.

आणि त्याच्याकडून लेखी घ्या की चित्राचा कॉपीराइट कॉलेजला दिला. तोंडी चालत नाही, सही लागते. त्यात मुदत स्पष्ट लिहा, कारण मुदत नाही लिहिली तर कायदा ती ५ वर्षंच धरतो आणि सहाव्या वर्षी तुम्ही परत त्याच्या दारात. ट्रेडमार्कची घाई नको, टी-शर्ट खरंच विकायला लागलात तर बघा, कपड्यांसाठी क्लास २५ आणि खेळ-शिक्षणासाठी ४१, ऑनलाइन अर्जाची फी संस्थेला एका क्लासला ९,००० रुपये. तेवढ्यात दोन सेट कबड्डीच्या मॅट दुरुस्त होतात, असं आमचे सर म्हणायचे.

चित्र आलं की ते एका रंगात छापून बघा, स्क्रीन प्रिंटवाला जास्त रंगांचे जास्त पैसे लावतो. आणि व्हॉट्सॲपच्या डीपीच्या त्या एवढ्याशा गोलात टाकून बघा.

कॉस्च्युम, म्हणजे खरी डोकेदुखी

आम्ही पहिल्यांदा शहरातल्या एका कॉस्च्युमवाल्याकडे ऑर्डर दिली, ॲडव्हान्स दिला, फोटो पाठवले, आणि त्याने पाठवला तो रांजण नव्हता, कुठल्यातरी लग्नातला मिकी माउस होता ज्याचे कान कापून वर घेर लावला होता. आत जुन्या घामाचा वास. पैसे अर्धे परत मिळाले, ते पण सहा महिन्यांनी.

मग गावातच केला. बुरूडाकडून बांबूच्या कामट्यांचा हलका सांगाडा विणून घेतला, वर पातळ फोम, वर कापड, आणि रंग त्याच मंडळवाल्या आर्टिस्टने मारला. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याचे मुखवटे करणारे कारागीर आहेत, कागदाच्या लगद्याचे, हलके आणि टिकाऊ, तुम्हाला प्राण्याचं डोकं करायचं असेल तर तिकडे चौकशी करा, शहरातल्या फरच्या डोक्यापेक्षा ते कितीतरी बरं आणि उन्हात आत कमी तापतं. खरी पिसं, खरं कातडं, शिंगं वापरू नका, वन्यजीव कायद्याचं लचांड मागे लागतं. आणि मॅचला जिवंत प्राणी आणायचं कुणाच्या डोक्यात आलं तर तिथेच थांबवा, ढोल-ताशात बैल बुजला की काय होतं ते मी एका जत्रेत बघितलंय.

मापं घेताना हे बघा: आतल्या माणसाला खाली स्वतःचे पाय दिसले पाहिजेत, हात डोक्यापर्यंत गेले पाहिजेत, आणि एकट्याला दहा सेकंदांत बाहेर पडता आलं पाहिजे. आमच्या पहिल्या रांजणात बसताच येत नव्हतं, पोरगा दोन तास उभा. तोंडाच्या घेराखाली जाळी लावून हवेला वाट ठेवा, बॅटरीचा छोटा पंखा बसवता आला तर उत्तम. आपल्याकडे मॅचेस जानेवारी-फेब्रुवारीत असल्या तरी दुपारी बाराला ऊन ऊनच असतं. आत पंधरा-वीस मिनिटं, मग बाहेर, पाणी, ओआरएस, दुसऱ्याची पाळी. बरोबर एक माणूस कायम, त्याचं काम फक्त हात धरून चालवणं आणि लहान पोरांना आवरणं. मी हे नियम शहाणपणाने लिहितोय असं दिसतंय पण ते आम्ही आमचा पहिला पोरगा चक्कर येऊन पडल्यावर केले, सलाईन लावावं लागलं, त्याच्या आईचा फोन मीच घेतला होता.

पहिली मॅच

अंपायरना आधी भेटा. आम्ही नाही भेटलो. समोरचा रेडर आत आला की सगळं ग्राऊंड "टोल भर, टोल भर", आणि त्या गोंगाटात त्याचा "कबड्डी कबड्डी" दम अंपायरला ऐकूच येईना, खेळ थांबवला, सरांना बोलावून झापलं. मग आम्ही बदललं, रेड चालू असताना गप्प, पकड झाली की मग एकदम "टोल भरला!" आणि ते उलट जास्त भारी बसलं, कारण त्या शांततेत समोरच्या रेडरला माहीत असायचं की आता काय येणार.

त्याच मॅचला हाफटाइमला रांजण ग्राऊंडच्या कडेच्या उताराला अडखळला आणि आडवा झाला. आडवा झाला तो गडगडायलाच लागला, गोल ना, आतला पोरगा ओरडतोय, मागे त्याचा हात धरणारा पळतोय, आणि तो गडगडत थेट समोरच्या कॉलेजच्या बेंचजवळ जाऊन थांबला. त्यांच्याच पोरांनी उचलून उभा केला आणि एकाने खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून वरून आत टाकलं. दोन्ही बाजूंची पोरं पोट धरून हसत होती, आमचे ते ज्येष्ठ संचालकही. मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं आत मावळा नव्हता.

तेव्हापासून प्रत्येक मॅचला लोक नाणी टाकतात, आता आत एक कापडी पिशवीच शिवलीय, त्यातून आतल्या पोराच्या वडापावचं भागतं.

राहिलं ते ठेवणीचं. प्रत्येक मॅचनंतर आतलं अस्तर काढून धुवायचं, म्हणून अस्तर वेलक्रोचंच करा. पावसाळ्यात जिमखान्याच्या स्टोअरला ठेवू नका, बुरशी येते, आणि कामट्यांना उंदीर लागतात. आमच्या रांजणाचा एक कान त्यांनीच खाल्लाय. डांबरगोळ्या टाकून लायब्ररीत वरच्या मजल्यावर टांगलाय, आणि लायब्रेरियन मॅडमच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद आहे, कुणी नेला, कधी आणला, सकट.